‘पुढे कशावर लिहू?’ असं वाचकाला विचारू नका

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही कृषी पदवीधर, दीड वर्षापासून शेतीवर लिहिताय, चाळीसेक लेख झाले आणि आता विषय सुचत नाहीत. वाचकांशी बोललं की विषय आपोआप मिळतात असं सगळे सांगतात, म्हणून तुम्ही वाचकांच्या व्हॉट्सॲप गटावर विचारलंत, ‘पुढचा लेख कशावर हवा?’ उत्तरात आले सतरा अंगठे, ‘छान माहिती सर’, दोघांचं ‘बाजारभाव सांगा’ आणि एकाचं ‘तुम्हीच ठरवा’. यातून विषय काढायचा कसा?

यातून नाही निघणार. माझाही कधी निघाला नाही. ‘काय वाचायला आवडेल’ याचं उत्तर द्यायचं तर वाचकाला संपादक व्हावं लागतं. त्याच्या वावरात पाणी साचलंय, विजेची डीपी जळालीय, मजुरांची टोळी दुसऱ्याकडे गेलीय. तो तुमच्यासाठी संपादकी कशाला करेल? मग तो सभ्यपणे अंगठा दाखवतो, दोन्ही अर्थांनी.

मी एकवीस वर्षं शेतीवर लिहितोय. त्याआधी नऊ वर्षं निफाड तालुक्यात कृषिसेवा केंद्र चालवलं. लिहायला शिकलो ते खरं तर त्या काउंटरवर. शेतकरी पिशवीत एक उपटलेलं रोप घेऊन यायचा, मुळांच्या मातीसकट काउंटरवर ठेवायचा आणि म्हणायचा, ‘याला काय देऊ?’ नऊ वर्षांत एकानेही ‘मला एकात्मिक कीड व्यवस्थापनावर माहिती हवी’ असं म्हटलं नाही. तो गुंता आणून ठेवतो. त्या गुंत्याला विषयाचं रूप देणं हे लिहिणाऱ्याचं काम. तुमच्याकडेही असे गुंते रोज येत असणार, पण तुम्ही त्यांना उत्तर देऊन मोकळे होताय आणि विषय मात्र दुसरीकडे शोधताय.

एक गोष्ट आधीच सांगतो. पुढे जे लिहितोय ते माझ्या अनुभवातलं, म्हणजे कांदा, मका, सोयाबीन पिकवणाऱ्या वाचकांतलं आहे. तुमचे वाचक बहुतांशी शहरात राहून गावाकडची शेती बघणारे असतील तर त्यांचे प्रश्न वेगळे येतील, आणि ते वेगळ्या वेळी, बहुधा शनिवार-रविवारी येतील. वाचक तीस आहेत की तीन हजार, यावरही बरंच ठरतं. तीसच असतील तर गट वगैरे विसरा, रोज दोघांना फोन करा. दहा मिनिटांच्या फोनमध्ये जे निघतं ते महिनाभराच्या प्रतिक्रियांत निघत नाही.

आता एक उदाहरण पूर्ण उलगडतो, कारण सगळी गंमत तिथे आहे.

काही वर्षांपूर्वी जुलैत चांदवडकडच्या एका शेतकऱ्याचा आवाजी मेसेज आला. ‘दादा, चाळीतून वास येतोय. वरून कांदा चांगला दिसतो, आत हात घातला की ओला लागतो. काय मारू?’ (चाळ म्हणजे कांदा साठवायची हवेशीर शेड.) याच अर्थाचे प्रश्न त्या आठवड्यात आणखी चार-पाच जणांचे होते. माझ्या जुन्या सवयीप्रमाणे मी लेख लिहिला असता ‘चाळीतील कांद्याची सड: कारणे व उपाय’. त्यात लिहिलं असतं की सडका कांदा निवडून काढा, हवा खेळती ठेवा, ढिगाची उंची चार-पाच फुटांच्या वर नेऊ नका. सगळं बरोबर आणि त्या माणसाच्या काहीच उपयोगाचं नाही, कारण चाळ भरून तीन महिने झाले होते. जुलैत त्याला मारण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

म्हणून उत्तर देण्याआधी मी उलट विचारत गेलो.

शेवटचं पाणी कधी दिलं? ‘काढायच्या चार दिवस आधी. जमीन कडक झाली होती, कांदा उपटत नव्हता.’

युरियाचा शेवटचा हप्ता? ‘सत्तर-पंच्याहत्तर दिवसांनी एक बारीक डोस दिला, फुगवणीला.’

पात किती पडली होती काढताना? ‘निम्मी पडली असेल, टोळी मिळाली तेव्हा काढून घेतला.’

मान (कांद्यावरचा देठ) कोणी कापली? ‘बायांची टोळी होती, उक्तं दिलं होतं.’

मान किती ठेवली? इथे तो थांबला. ‘ते नाही बघितलं.’

आता बघा. उन्हाळ कांद्याची लागवड आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत, काढणी एप्रिलच्या आसपास. नत्राचा, म्हणजे युरियाचा, शेवटचा हप्ता लागवडीनंतर ४५ दिवसांच्या सुमारास संपायला हवा. त्यानंतर, विशेषतः साठ दिवसांपुढे युरिया दिला की कांदा फुगल्यासारखा दिसतो, पण मान जाड राहते, नीट सुकत नाही आणि सड तिथूनच आत शिरते. पाणी काढणीआधी दहा ते पंधरा दिवस तोडायचं असतं. काढल्यावर तीन-चार दिवस वावरातच पातीसकट असा पसरायचा की पुढच्या ओळीची पात मागच्या ओळीच्या कांद्यावर येईल. मग दोन-अडीच सेंटिमीटर मान ठेवून पात कापायची आणि दहा-बारा दिवस सावलीत सुकवून मग चाळीत भरायचा. पात निम्मी पडल्यावर काढला हे त्याने बरोबर केलं होतं. बाकी तीन ठिकाणी हुकलं होतं. जुलैतल्या वासाचं मूळ मार्चमधल्या युरियात आणि एप्रिलमधल्या विळ्यात होतं.

त्या एका आवाजी मेसेजमधून मला चार लेख मिळाले आणि त्यातला एकही ‘सड’ या विषयावर नव्हता. पहिला होता फुगवणीच्या उशिरा दिलेल्या डोसावर. दुसरा, जमीन कडक झालीय, कांदा उपटत नाही आणि पाणी तर द्यायचं नाही, मग करायचं काय, यावर. हा प्रश्न कुठल्याही पुस्तकात मी वाचलेला नव्हता, कारण पुस्तकात फक्त ‘पाणी बंद करावे’ एवढंच असतं. तिसरा होता टोळी मिळण्यावर: काढणी पिकाच्या दिवसावर ठरते की मुकादमाच्या सोयीवर?

चौथ्या लेखाने माझे डोळे उघडले. मान किती ठेवायची हे मी दहा वर्षं लिहीत होतो, वाचत होता मालक आणि कापत होत्या बाया. विळा जिच्या हातात, ती माझी वाचकच नव्हती. पुढच्या एप्रिलमध्ये मी एका वावरात जाऊन बसलो. पन्नाशीतली एक बाई कांदा उचलून, पात पिळून, एका फटक्यात कापून टोपलीत टाकत होती, दर दोन सेकंदाला एक. मी म्हटलं, ‘मावशी, जरा मान ठेवून कापता येईल का?’ तिने हात न थांबवता सांगितलं, ‘येईल की. पण मार्केटला न्यायचा असला तर शेठ म्हणतो साफ काप, लांब देठ व्यापारी नाकारतो. चाळीत भरायचाय का मार्केटला न्यायचाय, हे आम्हाला कोणी सांगतच नाही.’

चाळीच्या कांद्याची कापणी वेगळी आणि लगेच विकायच्या कांद्याची वेगळी, आणि कोणता माल कुठे जाणार हे टोळीला सकाळी सांगायचं राहून जातं. इतका साधा मुद्दा मला लेखक म्हणून दहा वर्षांत सुचला नव्हता. तिच्यासाठी मी लेख लिहिला नाही, दीड मिनिटाचं बोलणं रेकॉर्ड केलं. काही शेतकऱ्यांनी ते ट्रॅक्टरवरच्या स्पीकरवर टोळीला ऐकवलं.

यातून तुमच्या कामाची गोष्ट काढायची तर ती अशी: प्रश्नाची तारीख आणि निर्णयाची तारीख वेगळी असते. वाचक प्रश्न विचारतो तो दुखायला लागल्यावर. लेख हवा असतो तो त्याच्या आधी, जेव्हा हातात अजून काही असतं. म्हणून माझी वही मी प्रश्न आला त्या तारखेने लावत नाही. चाळीचा तो प्रश्न आला जुलैत, पण नोंदला फेब्रुवारीच्या पानावर. फेब्रुवारी उजाडला की पान उघडायचं, विषय तिथे वाट बघत असतात. पहिल्या वर्षी पानं रिकामी दिसतील. तिसऱ्या वर्षी कोणता विषय सोडू याची पंचाईत होईल.

पीकविम्याचंही तसंच. महाराष्ट्रात २०२५च्या खरिपाआधी गारपीट, पाणी साचणं अशा स्थानिक नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागायची. ‘विम्याचं कसं करायचं’ हा प्रश्न मात्र हटकून पाचव्या-सहाव्या दिवशी यायचा. त्या दिवशी लिहिलेला लेख कितीही चांगला असला तरी शोकसंदेशच. तो हवामानाचा अंदाज आल्या दिवशी जायला हवा होता.

वहीत लिहायचं काय? चार गोष्टी. प्रश्न त्याच्याच शब्दांत, पीक किती दिवसांचं, जमीन आणि पाणी कसं, आणि विचारण्याआधी त्याने काय काय करून पाहिलं. पहिली आणि शेवटची कधीही गाळू नका.

त्याचेच शब्द कशासाठी? कपाशीची पानं लाल पडली की विदर्भातला, मराठवाड्यातला शेतकरी ‘लाल्या’ म्हणतो. मिरचीचा झाला ‘बोकड्या’, कांद्याला ‘पीळ पडला’. तुम्ही मथळा दिलात ‘कपाशीतील मॅग्नेशिअमची कमतरता व व्यवस्थापन’, तर लाल्याने हैराण झालेला माणूस त्यावरून पुढे सरकेल. हे आपल्याबद्दल आहे हे त्याला कळणारच नाही. शिवाय त्या शब्दात त्याची समजूतही दडलेली असते. लाल्याला तो रोग समजतो, म्हणून बुरशीनाशक मारतो. मग ‘लाल्या हा रोग नाही, मग बुरशीनाशक कशाला?’ हा विषय कुणी सुचवायची गरज नाही, त्याच्या बोलण्यातच तो आहे.

आणि ‘आधी काय केलं’ हे विचारलंत की निम्मे विषय तिथेच मिळतात. दुकानदाराने काय दिलं, शेजाऱ्याने काय सांगितलं, मोबाइलवर काय पाहिलं. तुमच्या लेखाची स्पर्धा या तिघांशी आहे. त्यांचं म्हणणं माहीत नसताना लिहिलेला लेख हवेत जातो.

उलट प्रश्न न विचारता लिहिलं की काय होतं, तेही सांगतो. एका पावसाळ्यात मराठवाड्यातून मेसेज आला, ‘सोयाबीन पिवळं पडलंय, काय फवारू?’ सोबत एक फोटो. पंधरा दिवस झड होती, जमिनी चुनखडीच्या, मी मनात लोहाची कमतरता धरली आणि त्याच संध्याकाळी फेरस सल्फेटच्या फवारणीवर लिहून टाकलं. लोकांनी भराभर पुढे पाठवलं. तीन आठवड्यांनी तोच माणूस फोनवर, ‘सर, दोनदा मारलं. आता पट्टेच्या पट्टे पिवळे आहेत.’ फोटो पुन्हा उघडून नीट पाहिला. हिरव्या झाडांत एकच झाड, पानावर पिवळे-हिरवे चट्टे मिसळलेले. तो पिवळा मोझॅक होता, पांढरी माशी पसरवते तो विषाणूरोग. ती चार-दोन झाडं उपटून टाकायला आणि माशी आवरायला सांगितलं असतं तर वेळ होती. त्याचे पैसे गेले, पीक गेलं, आणि माझ्या नावाचा लेख अजून फिरत होता. तो मागे घेताना जे लिहिलं ते मी आजवर लिहिलेल्यांत सर्वांत उपयोगी ठरलं. मथळा होता, ‘पिवळेपणा वरून की खालून?’ वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाची शंका घ्या. खालची जुनी पानं आधी पिवळी पडत असतील तर नत्र बघा. मधूनच एखाद्या झाडावर चट्टे दिसले तर मोझॅक. हे प्रश्न मी त्या संध्याकाळी त्याला विचारायचे होते. विचारले नाहीत म्हणून ते लेख झाले.

तेव्हापासून माझा एक धरबंध आहे. फवारणीचा विषय असेल तर मेसेज आल्या दिवशी लिहायचं नाही. फोटो मागायचे तीन: पानाचा, पूर्ण झाडाचा आणि बांधावरून दिसणाऱ्या वावराचा. तिसरा फोटो कुणी आपणहून पाठवत नाही, आणि नेमका तोच सांगतो की पिवळेपणा सगळीकडे आहे, खोलगट भागात आहे की एकेका झाडावर आहे.

कोणता प्रश्न लेख करायचा आणि कोणाला नुसतं उत्तर द्यायचं, हे विचारलं नाहीत पण विचाराल. माझं माप ढोबळ आहे. एकाच आठवड्यात तीन वेगळ्या तालुक्यांतून तोच प्रश्न आला तर लेख. एकाच गावातून दहा आले तरी मी थांबतो, बहुधा एका दुकानातल्या एका औषधाची ती गोष्ट असते. सर्वांत जास्त आवाज करणाऱ्यांवर तर जाऊच नका. एका वर्षी ड्रॅगन फ्रूटवर इतकी विचारणा झाली की मी पाच भागांची मालिका लिहिली. नंतर विचारणाऱ्यांना एकेक करून फोन केले. बहुतेक जण पुण्या-मुंबईचे, कोणाच्या नावावर जमीन नाही, काहींच्या आहे ती पडीक. त्यांना वाचायला मजा आली, त्यात वाईट काही नाही. पण माझा कांदेवाला त्या दोन महिन्यांत माझ्याकडे फिरकला नाही.

या मापाला एक अपवाद आहे, तो म्हणजे कुठेच न बसणारा प्रश्न. २०१८च्या पावसाळ्याच्या शेवटी मक्याबद्दल एक मेसेज आला, ‘पोंग्यात अळी आहे, नेहमीचं मारलं, मरत नाही.’ (पोंगा म्हणजे मक्याच्या मधल्या कोवळ्या पानांची गुंडाळी.) आमच्या भागातून तसा एकच. फोटो मोठा करून पाहिला तर अळीच्या डोक्यावर इंग्रजी वाय अक्षर उलटं, आणि शेपटीकडे चार काळे ठिपके चौकोनात. अमेरिकन लष्करी अळी. त्याच वर्षी ती कर्नाटकात पहिल्यांदा सापडली होती आणि तिथून महाराष्ट्रात शिरत होती. तीनची वाट बघत बसलो असतो तर आख्खा रब्बी मका हातचा गेला असता. एकटा प्रश्न जेव्हा तुमच्या सगळ्या माहितीला धक्का देतो, तेव्हा मोजायचं नसतं. विद्यापीठातल्या किंवा कृषी विज्ञान केंद्रातल्या कीटकशास्त्रज्ञाला त्याच दिवशी फोटो पाठवायचा.

इथवरचं थोडक्यात: वाचकाला विषय विचारू नका, त्याने काय केलं ते विचारा. प्रश्न जसाच्या तसा लिहा आणि जिथे निर्णय चुकला त्या महिन्याच्या पानावर ठेवा. फवारणी असेल तर घाई करू नका.

गटावर काही विचारायचंच असेल तर असं विचारा. जूनमध्ये पहिला पाऊस झाल्यावर मी मतदान टाकतो: ‘सोयाबीन पेरलं / थांबलोय / अजून पाऊसच नाही’. वाचकाला एक बोट लागतं, विचार करावा लागत नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये हे सगळ्यांना पाठ आहे. तरी एके वर्षी चाळीसेक मिलिमीटरवर निम्म्या लोकांनी ‘पेरलं’ दाबलं. मी लगेच दोघांना फोन केला, घाई का केली? एक म्हणाला, पेरणीयंत्र भाड्याचं, आज सोडलं तर पुन्हा आठ दिवस मिळत नाही. दुसरा म्हणाला, शेजाऱ्याने पेरलं, मग माझ्याने राहवलं नाही. दोन्हींवर लेख झाले. त्या मतदानाखाली एकाने लिहिलं होतं, ‘बियाणं घरचंच आहे, उगवेल ना?’ त्यावर पुढच्या मे महिन्याच्या पानावर नोंद गेली: शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासणे. सत्तरच्या वर उगवले तर एकरी ३० किलो पुरतं, कमी उगवले तर त्या हिशेबाने बियाणं वाढवायचं. जूनमध्ये सांगून काय उपयोग, तेव्हा गोणी पेरणीयंत्रात ओतलेली असते.

आणि तुम्ही ज्यावर वैतागलात ते ‘बाजारभाव सांगा’ टाकून देऊ नका. भाव तर त्याच्या मोबाइलवर रोज सकाळी येतो, लासलगावचा आणि पिंपळगावचासुद्धा. तो खरं तर विचारतोय, ‘आता विकू की ठेवू?’ भाव उद्या काय होईल हे तुम्हाला-मला सांगता येत नाही, आणि जो सांगतो त्याच्यापासून लांब राहा. पण घट किती होते ते सांगता येतं. आज क्विंटलला १,६०० मिळतायत आणि आणखी दोन महिन्यांत शंभर किलोतले वीस घटले-सडले, तर तेव्हा २,००० मिळाले तरच बरोबरी. मी वाचकांना एक क्रेट बाजूला काढून दर महिन्याला वजन करायला सांगितलं. अकरा जणांनी केलं. ज्याच्या त्याच्या चाळीची घट वेगळी निघाली, आणि ती का वेगळी, यावर एक आख्खा हंगाम आम्ही बोलत होतो. म्हणजे ‘बाजारभाव सांगा’ या दोन शब्दांवर तुमचे सहा लेख सहज निघतील.

मघाच्या बायांवरून आठवलं. जे विचारत नाहीत त्यांचं काय? गटात नावं पुरुषांची, फोन पुरुषांच्या खिशात. पेरणी, खुरपणी, तोडणी, कापणी करणाऱ्या बाया गटात नाहीत. त्यांच्यापर्यंत पोहोचायचं तर वावरात, आठवडे बाजारात, कृषी विभागाच्या शेतीशाळेत जाऊन बसावं लागतं. हे काही मी शोधलेलं नाही. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांत, सुमारे दीडशे गावांत श्रोत्यांची मंडळं बसवली होती. आठवड्यातून दोनदा गावकरी एकत्र कार्यक्रम ऐकायचे, त्यावर चर्चा करायचे आणि आपले प्रश्न पुणे केंद्राला कळवायचे. पुढच्या कार्यक्रमात त्यांना उत्तरं मिळायची. ऐका, चर्चा करा, करून बघा, असं ते सूत्र होतं. टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याचा अभ्यास केला आणि पुढे हा प्रयोग देशभर नेला गेला. मला त्यात एक गोष्ट फार आवडते: प्रश्न एकट्याचा नसायचा, आधी गावात त्यावर वाद झालेला असायचा. आपल्याकडे आज प्रश्न सुटा येतो आणि मधली चर्चा हरवते. म्हणून कधी कधी मी एखाद्याचा प्रश्न (नाव, गाव काढून) गटावर टाकतो आणि एक दिवस काहीच बोलत नाही. इतर शेतकरी एकमेकांना जे सांगतात, भांडतात, त्यात लेखाचा सांगाडा तयार मिळतो.

नाव-गाव काढण्याबद्दल मात्र कडक राहा. ‘अमक्याने असा घोळ केला’ हे गावात पसरायला तास लागत नाही, आणि एकदा तसं झालं की तुम्हाला खरं कोणी सांगणार नाही. कर्ज, वाटणी, बांधाचे वाद यांवरचे प्रश्न मी विषय म्हणून घेतच नाही, फोनवर बोलतो आणि विसरतो. औषधांच्या बाबतीत घटकाचं नाव लिहितो, ब्रँडचं नाही, आणि त्या पिकाला शिफारस असेल तेच.

राहिलं शेवटचं. लेख गेल्यावर काय? बहुतेक लिहिणारे इथे थांबतात, आणि माझ्या मते सर्वांत चांगले विषय इथेच सुटतात. ज्याच्या प्रश्नावरून लेख झाला त्याला दोन-तीन आठवड्यांनी फोन करा आणि विचारा, ‘केलंत का?’ ‘हो’ म्हणाला तर छान. ‘नाही’ म्हणाला तर कान टवकारा, पण समजावू नका, फक्त ‘का बरं?’ विचारा. वेळ नव्हता, मजूर नव्हता, उधारीवर दुकानदाराने दिलं तेच मारावं लागलं, वडिलांनी करू दिलं नाही. वडिलांनी करू न देण्यावर मी लिहिलेल्या लेखाला जेवढे फोन आले तेवढे कुठल्याच खताला आले नाहीत.

चांदवडच्या त्या शेतकऱ्याला मी दर वर्षी फोन करतो. गेल्या वर्षी त्याने युरिया वेळेत थांबवला, टोळीला सकाळीच सांगितलं, ‘हा चाळीचा आहे, बोटभर मान ठेवा.’ ऑगस्टमध्ये चाळ फोडली तेव्हा वास नव्हता. मी खूश होऊन फोन ठेवणार तेवढ्यात तो म्हणाला, ‘पण दादा, या वेळी वरची पत्तीच निघून चाललीय, कांदा उघडा दिसतो. व्यापारी भाव पाडतो. हे कशाने?’

मी विचारलं, पात किती पडली होती काढताना? म्हणाला, ‘सगळी. मागच्या वेळी सडला, म्हणून म्हटलं पूर्ण वाळू दे.’ फोन ठेवला आणि एप्रिलच्या पानावर लिहिलं: ‘पत्ती निघते. जास्त वाळू दिला. निम्मी पात पडली की काढा, हे आपण कधी नीट सांगितलं का?’